मिनी लेथची टूल पोस्ट: चार बाजूंची ठेवावी, ॲल्युमिनियमचा क्विक-चेंज सेट घ्यावा, की स्टीलचा वेज?

माझा लेथ सात इंची (साधारण सात इंच व्यासापर्यंतचा जॉब फिरवणारा), सीग या चिनी कंपनीच्या सी-३ धाटणीचा. कोल्हापुरात घराच्या मागच्या खोलीत तो आहे. पहिली दोन वर्षं मी मशीनबरोबर आलेल्या चार बाजूंच्या टूल पोस्टवर, म्हणजे कापणारं टूल धरून ठेवणाऱ्या ठोकळ्यावर, काम केलं. मग मेहुण्याचा ॲल्युमिनियमचा पिस्टन-टाइप क्विक-चेंज सेट (टूल होल्डरसकट झटकन बदलता येतं असा) महिनाभर आणून लावला. शेवटी स्टीलचा वेज-टाइप घेतला, त्याला आता तीन वर्षं होत आली. तिन्हींवर हात बसलेला आहे, म्हणून लिहितोय. मोजमापं मात्र प्रयोगशाळेची नाहीत, माझ्या हाताची आणि कानाची आहेत.

आधी जुन्या पोस्टबद्दल चार चांगल्या गोष्टी सांगायला हव्यात. तो एकसंध ठोकळा थेट कंपाउंडवर (टूल सरकवणाऱ्या सगळ्यात वरच्या स्लाइडवर) बसतो आणि टूलचं टोक स्टडपासून, म्हणजे पोस्ट धरणाऱ्या उभ्या बोल्टपासून, फार लांब जात नाही. एमएसवर (साध्या मऊ पोलादावर) जरा जाड कट घेताना मला तरी हीच पोस्ट सगळ्यात शांत वाटते. शिवाय एकसारखे वीस नग काढायचे असतील तर तिला तोड नाही. एका दिवाळीआधी एका जुन्या कपाटासाठी मी पितळी मुठी केल्या. टर्निंगचं, चॅम्फरचं (कड तिरकी करण्याचं) आणि पार्टिंगचं (तुकडा कापून वेगळा करण्याचं) टूल एकदा लावलं आणि पोस्ट फिरवत दुपारभरात काम उरकलं. ज्याचं काम बहुतेक असंच असतं, त्यानं पुढचं वाचून खर्चात पडावं की नाही याचा जरा विचार करावा.

तरी मी ती बदलली, आणि कारण एकच: पॅकिंग.

माझी बहुतेक टूलं ८ मिमीच्या एचएसएसची (हाय-स्पीड स्टीलची), मिरांडा कंपनीचे तुकडे आणून बेंच ग्राइंडरवर स्वतः घासलेली. मला ते घासणं आवडतं. पण टूलचा वरचा भाग घासला की टोक खाली जातं, आणि सेंटर (फिरणाऱ्या जॉबच्या अक्षाची उंची) पुन्हा जुळवायला खाली पट्ट्या सरकवाव्या लागतात. हॅक्सॉ ब्लेडचा तुकडा साधारण ०.६५ मिमी जाड. तो घातला तर टोक जास्त वर जातं, काढला तर फेसिंग करताना (जॉबचं तोंड सपाट कापताना) मधोमध टिकली उरते. मग डब्याचा पत्रा कापा, तो पुरला नाही तर दाढीच्या ब्लेडचा तुकडा घाला. वरचे बोल्ट आवळले की हा सगळा ढीग दबतो आणि टोक पुन्हा केसभर खाली येतं. पट्टी टूलपेक्षा अरुंद असली तर टूल कलतं. आणि बोल्ट सैल केला की पट्ट्या खालच्या ट्रेमध्ये, तेलकट बरीत, म्हणजे धातूच्या चुऱ्यात. प्रत्येक टूलच्या पट्ट्या त्याच्याशीच रबर बँडनं बांधून ठेवून पाहिल्या. तेलानं रबर फुगून तुटायचं.

एका रविवारी आईच्या शिलाई मशीनसाठी ५ मिमीची पिन करायला बसलो. एवढ्या बारीक व्यासाला सेंटर जरासं चुकलं तरी पिन कापली जाण्याऐवजी वाकते. त्या तासाभरात सात वेळा पॅकिंग बदललं. पिन झाली, पण त्या संध्याकाळी टूल पोस्ट शोधायला लागलो.

म्हणून निवड करणाऱ्याला माझा पहिला प्रश्न हाच असतो: तुम्ही टूल घासता, की कार्बाइडच्या इन्सर्टवर (बदलता येणाऱ्या तयार टिपांवर) काम करता? इन्सर्टची कड झिजली की टिप फिरवायची, टोक जवळपास त्याच उंचीला येतं. पॅकिंग एकदा जुळलं की महिनोन्‌महिने हलत नाही. अशा माणसाला जुनी पोस्ट पुरते, असं मी मनापासून म्हणतो. हातानं घासलेली टूलं वापरणाऱ्याचं तसं नाही. त्याच्यासाठी क्विक-चेंजच्या होल्डरवरची ती दातेरी चकती हाच सगळा फरक आहे. ती फिरवली की टूल वर-खाली होतं, नट आवळला की उंची पक्की. मी स्टीलची पट्टी टूलच्या टोकात आणि गोल जॉबमध्ये हलकेच धरून बघतो: पट्टी सरळ उभी राहिली तर सेंटर बरोबर, वरचं टोक माझ्याकडे झुकलं तर टूल खाली. चकती पाव फेरा, पुन्हा बघायचं, संपलं. पुन्हा घासेपर्यंत त्या टूलकडे पाहावं लागत नाही.

आता ॲल्युमिनियम की स्टील. चकतीची सोय दोन्हींत सारखीच, त्यामुळे पॅकिंगचा त्रास स्वस्त सेटनंही जातो. पितळ, ॲल्युमिनियम, डेलरिनसारखं प्लास्टिक एवढंच कापणाऱ्यानं तोच घेतला तर मी अडवणार नाही. पिस्टन-टाइपमध्ये हँडल फिरवलं की आतून एक दट्ट्या होल्डरला बाहेर ढकलतो आणि होल्डर डोव्हटेलच्या तिरक्या कडांवर अडकून घट्ट होतो. वेजमध्ये पाचरीसारखी पट्टी सरकते आणि होल्डरला पोस्टच्या अंगाशी ओढून घेते. कागदावर फरक छोटा दिसतो. पण १६ मिमीच्या एमएस बारवर पार्टिंग करताना मेहुण्याच्या पोस्टवर मशीन जे थरथरलं, ते माझ्या वेजवर तेवढं थरथरत नाही. यात धातूचा वाटा किती आणि पाचरीचा किती, ते मी वेगळं करून पाहिलेलं नाही. दुसरी गोष्ट आट्यांची. टूल धरणारे स्क्रू ॲल्युमिनियममध्येच बसतात. वर्षभरात मेहुण्याच्या दोन होल्डरांचे आटे सैल झाले. त्यानं एक साइज मोठा टॅप मारून काम भागवलं, पण जे दिवसातून दहा वेळा आवळायचं ते मऊ धातूत असू नये, असं मला वाटतं.

स्टीलच्या वेजचे दोषही सांगतो. टूल बाहेर जास्त येतं, त्यामुळे कंपाउंड आणि क्रॉस स्लाइडचे गिब (स्लाइडची ढिलाई काढणाऱ्या पट्ट्या) ढिले असतील तर ते लगेच कळतं. माझे होते. ते नीट आवळल्यावर मला जुन्या पोस्टशी फरक फारच थोडा जाणवला. या मशीनची खरी कमजोरी कंपाउंडच्या अरुंद पायात आहे, आणि ती कोणतीही पोस्ट लावली तरी जात नाही.

बसवताना मात्र डोळे उघडे ठेवा. पहिल्यांदा मी एका विक्रेत्याच्या ‘सगळ्या छोट्या लेथला बसतो’ या शब्दावर मागवला. आला तो एएक्सए साइजचा, मोठ्या लेथसाठीचा. होल्डर तळाला टेकवला तरी १० मिमीचं टूल सेंटरच्या जवळपास ३ मिमी वर राहत होतं. परत पाठवण्यात तीन आठवडे गेले. सात इंची लेथला जो बसतो त्याला बाजारात झीरो-एक्सए म्हणतात. घेण्याआधी टेलस्टॉकमध्ये (लेथच्या उजवीकडच्या सरकत्या भागात) टोकदार सेंटर लावा आणि कंपाउंडच्या माथ्यापासून त्या टोकापर्यंतची उंची मोजा. माझ्याकडे ती साधारण २० मिमी भरली. मग विक्रेत्याला विचारा, होल्डर सगळ्यात खाली असताना टूलची बैठक तळापासून किती वर असते? त्यात टूलची जाडी मिळवा. बेरीज सेंटरपेक्षा कमी आली तरच पैसे द्या.

माझ्या कंपाउंडचा स्टड एम १० चा आणि नव्या पोस्टचं भोक त्याहून बरंच मोठं. मध्ये बुश (जागा भरणारी नळी) लागतो. तो जुनी पोस्ट काढण्याआधीच तिच्यावर करून घ्या. मी उत्साहात आधी सगळं खोललं आणि बुशसाठी जुनी पोस्ट परत चढवावी लागली. कंपाउंडवर चार बाजूंच्या पोस्टला थांबे देणारी एक छोटी स्प्रिंगची पिन असते, ती काढावी लागते, नाहीतर नवी पोस्ट एका कडेवर उचलली जाते. स्टडभोवतीचा थोडा उंच गोल भागही पोस्टच्या तळाला लागत नाही ना, ते पाहा. मी तळाला निळी मार्किंग इंक लावून पोस्ट टेकवली, तर ठसा फक्त मधोमध उमटला. शिवाजी उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपमधून तळाला मधोमध थोडा खळगा मारून आणला, मग चारही कडा टेकल्या. हे काम टाळलं असतं तर सगळा दोष मी पोस्टच्या माथी मारला असता.

आणखी दोन नावं तुमच्या वाचनात येतील. मल्टिफिक्स ही मूळ स्विस पद्धत, होल्डर चाळीस कोनांत लावता येतो, म्हणजे दर ९ अंशांना एक जागा. देखणी आहे, पण आपलं बोलणं बजेटचं चाललंय. दुसरी नॉर्मन: एक गोल खांब आणि त्यावर फटीनं आवळणारे होल्डर. ज्याला स्वतः बनवायची हौस आहे आणि मिलिंग मशीन नाही, त्यानं ती जरूर करून पाहावी. डोव्हटेल कापायची गरजच पडत नाही.

तर माझा कल स्टीलच्या वेजकडे आहे, हे लपवत नाही. फक्त पैशांचा हिशेब करताना पोस्टची किंमत एवढीच धरू नका, होल्डरांचा खर्चही धरा. माझ्या सेटमध्ये पाच आले होते. टर्निंगचं डावं-उजवं, बोरिंग (भोक मोठं करण्याचं), पार्टिंग आणि थ्रेडिंग एवढ्यातच ते संपले. चॅम्फरचं टूल पुन्हा दुसऱ्याच्या जागी घालायची वेळ आली, म्हणजे पुन्हा उंची जुळवणं आलं. मी नंतर तीन वाढवले. निदान एक तरी तळाला व्ही-खाच असलेला घ्या, त्यात गोल बोरिंग बारही बसतो आणि चौकोनी टूलही. जुनी पोस्ट मी तेल लावून कागदात गुंडाळून कपाटात ठेवली आहे. पितळी मुठींची पुढची ऑर्डर आली की ती परत चढवणार आहे.