शिवलेलं पॅड की घडीचं? धुण्या-वाळवण्याच्या बाजूने

पाळीसाठी कापडी पॅड वापरायचं पक्कं झालं, की पुढचा प्रश्न येतो तो कुठल्या तऱ्हेचं घ्यायचं. एक तऱ्हा सगळे थर आत शिवून टाकलेली: खाली ओल अडवणारा पातळ पडदा, वर मऊ कापड, दोन्ही बाजूंना बटणांचे पंख. दुसऱ्या तऱ्हेत बाहेरचं पातळ आवरण वेगळं आणि आत ठेवायची घडी वेगळी. ती घडी उलगडली की साधं चौकोनी सुती फडकं. मी दोन्ही वापरली आहेत, लातुरात, बोअरच्या पाण्यावर. शोषून घेण्यात मला तरी दोन्हींत फार फरक जाणवला नाही. फरक पडतो तो न्हाणीत आणि दोरीवर.

भिजवायचं दोन्ही गार पाण्यातच. गरम पाण्याने रक्तातली प्रथिनं कापडात घट्ट बसतात आणि मग डाग हटत नाही. पण शिवलेलं पॅड कितीही पिळा, आतल्या थरांतून गुलाबी पाणी येतच राहतं. घडी उलगडून धरली की थोडक्या पाण्यात मोकळी होते. जिथे नळाला पाणी रोज येतं, तिथल्या बायकांना हा मुद्दा किरकोळ वाटेल. आपल्याकडे तो किरकोळ नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावं लागलं होतं, आणि आजही मराठवाड्यातल्या कितीतरी घरांत वापरायचं पाणी टँकरचं नाहीतर बोअरचं असतं. पॅडसाठी जादा बादली काढायची म्हणजे कुठलं तरी दुसरं धुणं मागे राहतं. साबण लावण्याआधीचं पहिलं पाणी मी जास्वंदीला घालते, तेवढाच उपयोग.

बोअरच्या पाण्याचं आणखी एक दुखणं आहे. त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार असतात, त्यामुळे साबणाला फेस येत नाही. उलट साबणाचा चिकट साका धरतो आणि तो धाग्यांत बसतो. कापड वाळल्यावर खरखरीत लागतं, मांड्यांना घासतं. घडी उघडी असल्याने तो साका चोळून निघतो, जाड पॅडच्या पोटात मात्र तो साचत जातो. यावर मी करते ते असं: वडीऐवजी धुण्याची पावडर, तीही चिमूटभर, शेवटचं खळबळणं शक्यतो नळाच्या किंवा पावसाच्या पाण्यात, अधूनमधून त्या शेवटच्या पाण्यात थोडं लिंबू. कापड मऊ करणारं सुगंधी द्रावण दोन्हींनाही नको. त्याचा लेप धाग्यांवर बसतो आणि कापड शोषायचं थांबतं.

इथवरचं सगळं मी चालवून घेतलं असतं. माझा निर्णय झाला तो वाळवण्यावर. उन्हाळ्यात काहीच अडचण नाही, आपलं ऊन दोन्ही कडकडीत वाळवतं. पण श्रावण-भाद्रपदात झड लागली की शिवलेलं पॅड वरून कोरडं लागतं आणि आतून ओलंच असतं. थर जाड, त्यात एका बाजूने पडदा, म्हणजे वाफ निघणार एकाच अंगाने. तसंच घडी घालून कपाटात ठेवलं की कुबट वास येतो, बुरशी धरते, आणि पुढच्या पाळीत खाज सुटते. इस्त्री करावी म्हटलं तर कडक इस्त्रीने पडदा वितळतो. सुती घडीला हा त्रास नाही. पंख्याखाली वाळते, आणि उरलीसुरली ओल इस्त्री काढून टाकते.

ऊन असलं तरी ते मिळतंच असं नाही. एकत्र कुटुंबात, नाहीतर गच्ची शेजाऱ्यांसमोर उघडी असेल, तर पंखांचं पॅड दोरीवर टाकायला आजही संकोच वाटतो. मग ते ओढणीखाली किंवा परकराखाली जातं. लपवावं लागू नये असं मला मनापासून वाटतं, पण नुकत्याच सासरी आलेल्या मुलीला हे सांगून तिचं पॅड वाळत नाही. उलगडलेली घडी रुमालांत, लंगोटांत मिसळून जाते आणि बिनघोर भर उन्हात वाळते. माझ्या मते एवढ्या एका कारणासाठीही ती घ्यावी.

शिवलेल्याचं श्रेयही मान्य करायला हवं. ते हलत नाही. पुण्याच्या रात्रीच्या गाडीत, किंवा दिवसभर उभ्याने शिकवायचं असेल तेव्हा मी अजूनही तेच बांधते. घडी आवरणात नीट बसली नाही तर चालताना सरकते, आणि बाहेरच्या संडासात उभ्या उभ्या ती बसवणं कटकटीचं आहे. कॉलेजला जाणाऱ्या मुलीला बहुधा शिवलेलंच सोयीचं पडेल. घरी वॉशिंग मशीन, मोकळी गच्ची आणि बरं पाणी असेल, तर माझ्या तक्रारी तुम्हाला लागूही होणार नाहीत.

नाहीतर मी म्हणेन, मुख्य संच घडीचा घ्या आणि प्रवासापुरती दोन शिवलेली ठेवा. दोन्ही वापरायच्या आधी काही वेळा धुऊन काढा, कोरं सुती कापड नीट शोषत नाही. ब्लीच टाळा, त्याने धागा विरतो. डागाचा फिकट ठसा राहिला म्हणजे कापड अस्वच्छ राहिलं असं नाही. आणि पावसाळ्यात शिवलेलं पॅड ठेवून देण्याआधी त्याचा मधला भाग गालाला लावून पाहा. गार लागला तर ते अजून वाळलेलं नाही, परत दोरीवर टाका.