शेणखत की बोरू : काळ्या जमिनीतल्या संत्राबागेपुरता विचार

नागपूर जिल्ह्यातल्या काटोलकडची आमची साडेतीन एकरांची संत्राबाग सेंद्रिय पद्धतीवर आणली, त्याला आता आठ वर्षे झाली. पहिली चार वर्षे जमिनीची भूक विकतच्या शेणखतावर भागवली आणि पुढची चार वर्षे झाडांच्या ओळींमधल्या पट्ट्यात बोरू पेरून. बोरू म्हणजे ताग, हिरवा असतानाच जमिनीत मिसळून खत म्हणून वापरायचे पीक. आमच्याकडे बोरूच म्हणतात. ज्यांना यंदा या दोहोंपैकी एकावरच पैसा आणि मजूर खर्च करणे शक्य आहे, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे. ज्यांच्या घरी दहा-बारा जनावरे आहेत त्यांचा हा प्रश्नच नव्हे; स्वतःच्या खड्ड्यातले, वर्षभर मुरलेले शेणखत हाताशी असताना दुसरे काही शोधत बसू नये.

कागदावर पाहिले तर पारडे शेणखताकडे झुकते. चांगल्या कुजलेल्या शेणखतात साधारण 0.5 टक्के नत्र (नायट्रोजन), 0.2 टक्के स्फुरद (फॉस्फरस) आणि 0.5 टक्के पालाश (पोटॅश) धरतात. 6 बाय 6 मीटरवर एकरी 110 झाडे आणि झाडाला 40 किलो खत, असा हिशेब केला तर एकरी सुमारे साडेचार टन खत लागते आणि त्यातून 22 किलोंच्या आसपास नत्र जमिनीत जाते. बोरू सलग पेरला तर एकरी सात-आठ टन हिरवा पाला देतो, पण बागेत पेरायला जागा निम्मीच मिळते, त्यामुळे त्याचा नत्राचा आकडा 15 किलोंच्या पुढे फारसा सरकत नाही. शिवाय बोरू बाहेरून आणतो तो फक्त हवेतला नत्र. स्फुरद, पालाश, जस्त यांची तो भर घालत नाही. जमिनीत असलेलेच मुळांनी उचलून वर आणून ठेवतो.

आपल्या काळ्या जमिनीला मात्र पालाशची तंगी सहसा नसते. तंगी असते ती नत्राची आणि सेंद्रिय कर्बाची, आणि चुनखडीमुळे सामू (pH) आठच्या पुढे गेला असेल तिथे स्फुरद व जस्त जमिनीत असूनही झाडाच्या हाती लागत नाहीत. शिरा हिरव्या, मधला भाग पिवळा आणि नवी पालवी बारीक, ही जस्ताची खूण न पाहिलेला संत्रा बागायतदार आमच्या भागात विरळाच. अशा जमिनीत कुजणारा पदार्थ सतत असणे महत्त्वाचे, कारण कुजण्यातून सुटणारी आम्ले आणि त्यावर जगणारे जिवाणू हे अडकलेले अन्न थोडे थोडे मोकळे करतात. हे काम शेणखतही करते आणि बोरूही. माझ्या बागेत पिवळेपणा कोणत्या पद्धतीने अधिक कमी झाला, हे मी मोजलेले नाही. डोळ्यांना तरी दोहोंत सांगण्याजोगा फरक दिसला नाही.

म्हणून माझा निर्णय पोषणावर झालाच नाही. तो झाला लव्हाळा नावाच्या तणावर.

चौथ्या वर्षी शहरालगतच्या एका गोठ्यातून सहा ट्रॉल्या शेणखत आणले. रंग काळपट होता, वासही फारसा नव्हता, त्यामुळे मी समाधानी होतो. ट्रॉल्या भरताना जेसीबीने ढिगाखालची मातीही खरवडून घेतली आहे, हे माझ्या लक्षात आले नाही. मे महिन्यात ते खत प्रत्येक झाडाच्या आळ्यात पसरले आणि मृगाच्या सरी पडल्यानंतर दहा दिवसांनी आळी हिरवीगार झाली. आमचे सालदार वाकून पाहत म्हणाले, “भाऊ, खत नाही आणलं तुमी, वावराले लव्हाळा आणला.” त्यांनी खुरप्याने एक रोप उकरून दाखवले, तेव्हा वरच्या दोन इंची कोंबाखाली काळा दोरा निघाला आणि त्या दोऱ्यावर हरभऱ्याएवढ्या चार गाठी, मण्यांसारख्या ओवलेल्या. उपटायला गेले की दोरा तुटतो, गाठी खालीच राहतात आणि प्रत्येक गाठ स्वतंत्र रोप होऊन वर येते.

रासायनिक शेती करणारा इथे तणनाशकाची टाकी पाठीवर घेतो. आपल्याला ती वाट बंद आहे. वखर किंवा रोटाव्हेटर चालवावा तर गाठी आणखी पसरतात, आणि संत्र्याची अन्न घेणारी मुळे वरच्या फूटभर थरात असल्याने आळ्यात अवजार घालणे तसेही परवडत नाही. त्या पावसाळ्यात पाच वेळा निंदण झाले. बाया सकाळी एक ओळ साफ करून जात आणि चौथ्या दिवशी तीच ओळ पुन्हा हिरवी दिसे. शेणखताला जितके पैसे दिले, त्याहून अधिक मी त्याच्यासोबत आलेल्या या पाहुण्यावर घालवले. अर्धवट कुजलेल्या खतातून हुमणी, म्हणजे मुळे खाणारी अळी, येते, तीही आली होती. पण हुमणी वेचता तरी येते.

पुढच्या वर्षी बोरू पेरला तो खतासाठी कमी आणि नाइलाजाने अधिक. साडेतीन एकरांतल्या पट्ट्यांसाठी एकरी 12 किलो बियाणे मुद्दाम दाट टाकले. पंचेचाळीस दिवसांत बोरू छातीपर्यंत आला आणि त्याच्या बुडाशी वाकून पाहिले तर लव्हाळा पिवळट, लुळा पडलेला दिसला. लव्हाळ्याला सावली सोसत नाही, हे ऐकून होतो. पाहिले तेव्हा पटले. आळ्यांतला लव्हाळा हाताने काढावा लागला आणि अजूनही काढतो, परंतु पट्ट्यांतला तिसऱ्या वर्षी तुरळक उरला.

बोरूचीही एक खोड आहे आणि ती सांगितलीच पाहिजे. त्याला कळ्या धरू लागल्या की आठवडाभरात तो जमिनीत गाडायचा असतो, आणि विदर्भात नेमकी तेव्हाच ऑगस्टची झड लागते. काळ्या जमिनीत ट्रॅक्टर घालणे म्हणजे तो रुतवून ठेवणे. पहिल्या वर्षी वापसा येईपर्यंत, म्हणजे जमीन मशागतीजोगी सुकेपर्यंत, तीन आठवडे थांबलो. बोरू काडीसारखा कडक झाला, आणि तशा काड्या मातीत मिसळल्यावर त्या कुजवणारे जिवाणू जमिनीतलाच नत्र खाऊ लागले. आंबिया बहाराची (जानेवारी-फेब्रुवारीतल्या फुलोऱ्याची) फळे पोसायच्या वेळी पाने फिकी पडलेली पाहून मी धास्तावलो होतो. तेव्हापासून गाडण्याचा नाद सोडला. ब्रश कटरने कंबरेइतका असतानाच कापतो आणि जागेवर आडवा पडू देतो. असे केल्याने थोडा नत्र हवेत जात असावा, तरी माझी तक्रार नाही, कारण मार्च-एप्रिलमध्ये पट्ट्यांत हात घालण्याएवढ्या भेगा पडून मुळे तुटायची, त्या आता बोटभरच पडतात. ओलिताची एक पाळीही वाचते असे वाटते. पाला खोडापासून मात्र दोन हात लांब ठेवावा. खोडाशी ओल धरली की डिंक्याला, म्हणजे खोडातून डिंक गळण्याच्या रोगाला, आमंत्रणच. शेणखताचा ढीगही खोडाला टेकवू नये तो याच कारणाने.

तीन-चार वर्षांखालील बाग असेल किंवा जमीन बरड, मुरमाड असेल, तर शेणखताला पर्याय नाही असे माझे मत आहे. तिथे बोरू स्वतःच धड वाढत नाही, मग जमिनीला काय देणार. भारी काळी जमीन, मोठी झाडे आणि शेणखत विकत घेण्याची वेळ, अशी स्थिती असेल तर मी बोरूकडे वळण्यास सुचवीन आणि सामू व स्फुरद पाहण्यासाठी दोन-तीन वर्षांनी माती परीक्षण करून घेईन.

कमकुवत झाडांसाठी एखादी ट्रॉली मीही घेतो. त्याआधी गोठ्यातून टोपलेभर नमुना, तोही ढिगाच्या तळाचा, मागवून अंगणात ओला ठेवतो. मागच्या उन्हाळ्यात पंधराव्या दिवशी त्या टोपल्यात तीन टोकदार, चकचकीत कोंब उभे होते. ट्रॉली नको म्हणून कळवले, आणि ते टोपले गाठींसकट चुलीत घातले.