गुरुवारची घरगुती प्रार्थनासभा : दीड वर्षाच्या अनुभवानंतर

मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, एखाद्या उपक्रमाचे परीक्षण लिहावे की नाही, याविषयी मी बराच काळ साशंक होतो. खानावळीतल्या थाळीला गुण द्यावेत तसे प्रार्थनासभेला देऊ नयेत, असे मला वाटत असे. तथापि पुण्यात नव्याने राहायला येणारी मराठी ख्रिस्ती कुटुंबे मंडळी निवडताना रविवारच्या उपासनेची वेळ, गाडी लावण्याची सोय आणि मुलांची शब्बाथ शाळा (रविवारचा धर्मशिक्षणाचा वर्ग) एवढीच चौकशी करतात, आणि आठवड्याच्या मध्यावर घरोघर भरणाऱ्या सभेविषयी त्यांना कोणी काही सांगत नाही. मंडळीचे नाव मी देत नाही, कारण पुढे काही उणिवाही सांगायच्या आहेत.

सभा दर गुरुवारी सायंकाळी साडेसात वाजता पाळीपाळीने सभासदांच्या घरी भरते. दहा ते पंधरा माणसे येतात आणि त्याहून जास्त झाली, तर दिवाणखान्यातली सतरंजी पुरत नाही. आरंभी दोन गीते, मग वचनाचे वाचन, पाळकसाहेबांचा (मंडळीच्या धर्मगुरूंचा) किंवा एखाद्या वडीलधाऱ्या सभासदाचा थोडक्यात बोध, त्यानंतर साक्षी, म्हणजे आपापल्या विश्वासाचे अनुभवकथन, आणि प्रार्थनेच्या विनंत्या असा क्रम असतो, आणि शेवटी सर्वजण उभे राहून प्रभूची प्रार्थना म्हणतात. गायन उत्तम आहे. कवी ना. वा. टिळकांनी ख्रिस्ती उपासनेत भजन-कीर्तनाची जी देशी वाट रुळवली, तिचा खरा गोडवा ऑर्गनच्या साथीपेक्षा पेटी आणि टाळांवर, लहान खोलीत मांडीला मांडी लावून बसल्यावर कळतो, हे माझे मत येथे पक्के झाले.

या सभेची सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे एक साधी दोनशेपानी वही. प्रत्येक विनंती तारखेसह तिच्यात लिहिली जाते आणि पुढच्या गुरुवारी नवी विनंती घेण्यापूर्वी मागच्या पानावरची नावे वाचून ‘त्याचे काय झाले?’ असे विचारले जाते. ‘तुमच्यासाठी प्रार्थना करतो’ हे वाक्य आपण ख्रिस्ती माणसे इतक्या सहजपणे उच्चारतो की दारातून बाहेर पडेपर्यंत ते विसरलेले असते. या वहीमुळे ते विसरण्याची सोय राहत नाही. माझ्या पत्नीच्या मांडीचे हाड मोडले आणि आमचे रविवार तीन महिने बुडाले, तेव्हा हे मला स्वतःपुरते समजले. पूर्वी ज्या मोठ्या मंडळीत आम्ही जात होतो तेथे तितकेच दिवस गैरहजर राहूनही कोणाच्या ध्यानात आले नव्हते, आणि त्यात एकट्या कोणाचा दोष होता असेही नाही, कारण शेकडो माणसांत दोन रिकाम्या जागा दिसत नाहीत. येथे मात्र दुसऱ्याच गुरुवारी दोन भगिनी दारात उभ्या होत्या. त्यांनी कोणतेही वचन ऐकवले नाही. डबा कोणत्या दिवशी कोण आणील, ते ठरवून त्या गेल्या, आणि पाच आठवडे डबा येत राहिला.

येशूच्या प्रेषितांनी आरंभीच्या मंडळीतल्या बर्णबाला दिलेल्या नावाचा अर्थ आपल्या पवित्र शास्त्रात (बायबलमध्ये) ‘बोधपुत्र’ असा दिलेला आहे. मराठी कानाला ‘बोध’ म्हटले की उपदेशच आठवतो, परंतु त्यामागच्या मूळ ग्रीक शब्दात धीर देणे आणि सांत्वन करणे हे अर्थही सामावलेले आहेत. बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात प्रेषित पौलाची भाषणे विस्ताराने येतात. बर्णबाच्या मात्र कृती लक्षात राहतात. त्याने शेत विकून पैसे प्रेषितांच्या चरणी आणून ठेवले, सगळे भीत असताना शौलाला, म्हणजेच पुढच्या पौलाला, त्यांच्यापुढे नेले, आणि पौल ज्याला बरोबर घ्यायला तयार नव्हता त्या मार्काला घेऊन तो कुप्र (सायप्रस) बेटाकडे गेला. आमची सभा बोधाचा हा दुसरा अर्थ धरून चालते तेव्हा ती अतिशय चांगली असते.

तो अर्थ सुटतो तेव्हा मात्र ती दुःसह होते. कर्करोगावर उपचार घेणाऱ्या एका बंधूंना साक्षीच्या वेळी ‘तुमचा विश्वास कमी पडतो आहे’ असे भर सभेत ऐकावे लागले, आणि त्यानंतर दोन महिने ते आले नाहीत. बायबलमधल्या दुःखग्रस्त ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ काही न बोलता बसले होते, तोपर्यंत त्यांचे सारे योग्य चालले होते. बिघडले ते तोंड उघडल्यावर. पाळकसाहेबांनी त्या बंधूंच्या घरी जाऊन क्षमा मागितली, हे नमूद केले पाहिजे, परंतु साक्ष कोणी, किती वेळ आणि कोणाविषयी द्यावी याला अजूनही धरबंध नाही. दुसरी उणीव त्या वहीचीच आहे. एका घरातल्या कर्जाची विनंती आठवडाभरात गावभर झाली, तेव्हापासून लोक ‘एक खाजगी अडचण’ एवढेच लिहितात, आणि मग पुढच्या गुरुवारी विचारायचे तरी काय, हा प्रश्न उरतो.

खाण्याचाही एक पेच आहे. आरंभी केवळ चहा होता. मग कोणी पोहे केले, कोणी सामोसे मागवले, आणि आता भाड्याच्या एका खोलीत राहणारी दोन कुटुंबे आपली पाळी टाळतात. पौलाचे सहकारी दांपत्य प्रिस्का आणि अक्विला यांच्या घरी मंडळी जमत असे तेव्हा काय वाढले जात होते ते पौलाने लिहिलेले नाही, आणि आम्हीही त्याची नोंद होईल असे काही करू नये.

पाचपैकी चार गुण मी विचारपूर्वक देतो. ज्यांना शांतपणे मागे बसून उपासना ऐकायला आवडते त्यांना ही सभा पहिले महिनाभर अवघड वाटेल, कारण येथे मागची रांगच नाही. ज्यांच्या घरी आजारी माणूस आहे, नोकरी सुटली आहे किंवा ज्यांचे गाव नुकतेच सुटले आहे, त्यांनी मात्र रविवारची वाट न पाहता आधी गुरुवारी यावे. पुढची पाळी आमच्या घरी आहे आणि पत्नीने फक्त चहा ठेवायचे ठरवले आहे.