प्रॉक्समॉक्स वापरून वर्ष होत आलं. तक्रार एकाच आकड्याची

गेल्या आठवड्यात आमच्या सरांच्या लॅपटॉपवर व्हीएमचा (सॉफ्टवेअरने बनवलेल्या कॉम्प्युटरचा) कन्सोल, म्हणजे ब्राउझरमध्ये दिसणारी त्याची स्क्रीन, पुन्हा उघडेना, आणि त्या निमित्ताने हे लिहायचं राहिलेलं लिहून टाकतोय. प्रॉक्समॉक्स म्हणजे एका सर्व्हरवर असे अनेक व्हीएम चालवायचं फुकट सॉफ्टवेअर; ते लिनक्समधल्या केव्हीएमवर चालतं. व्हीएम बनवणं, स्नॅपशॉट, रात्रीचे बॅकअप, या सगळ्याला माझ्याकडून पैकीच्या पैकी. माझं भांडण फक्त कन्सोलशी आहे, आणि त्यातही एररच्या एका आकड्याशी: १००६.

आधी सेटअप सांगतो. कोल्हापुरातल्या एका सीए ऑफिसची कॉम्प्युटरची बाजू मी सांभाळतो. दोन सेकंडहँड सर्व्हर. एकावर विंडोज सर्व्हर आणि त्यात टॅली, दुसऱ्यावर उबुंटूचे काही व्हीएम. पूर्वी व्हीएमवेअर कंपनीच्या ईएसएक्सआयचं (तेही याच कामाचं सॉफ्टवेअर) फुकटवालं व्हर्जन होतं. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर घेतलं, फेब्रुवारी २०२४ मध्ये ते फुकट व्हर्जन बंद झालं, आणि सर म्हणाले, "मग आता पैसे भरायचे का?" तो प्रश्न नव्हता. एप्रिल २०२५ मध्ये ते पुन्हा फुकट मिळायला लागलं, पण तोवर आमचं बिऱ्हाड हललं होतं.

रोजच्या कामात कन्सोल लागत नाही, हे आधीच कबूल. नेटवर्कवरून आत शिरायला विंडोजला आरडीपी, उबुंटूला एसएसएच. कन्सोलची आठवण होते ती हे दोन्ही बंद पडल्यावर. अपडेटनंतर विंडोज ऑफिसच्या नेटवर्कला 'पब्लिक' ठरवून मोकळं होतं आणि फायरवॉल आरडीपी अडवते. किंवा वीज जाते, यूपीएसही दम तोडतो, आणि परत सुरू होताना उबुंटू डिस्कची तक्रार करत इमर्जन्सी मोडमध्ये थांबतं. अशा वेळी मॉनिटर-कीबोर्ड खांद्यावर घेऊन कुठे जाणार? व्हीएमला मागे पोर्ट नसतात. कन्सोल उघडला तरच काम होतं, आणि नेमका तेव्हाच तो उघडत नाही. तीस सप्टेंबरला ऑडिट रिपोर्टची मुदत असते तेव्हा तर हमखास.

पहिला झटका व्हेंडरमुळे. सरांना आयपी (सर्व्हरचा आकडी पत्ता) आणि पुढे प्रॉक्समॉक्सचा पोर्ट ८००६ टाइप करायला नको, सर्टिफिकेटची लाल वॉर्निंग दिसायला नको, म्हणून त्याने मध्ये एनजिनएक्स (ब्राउझरच्या मागण्या सर्व्हरकडे पोचवणारा मध्यस्थ प्रोग्रॅम) बसवून एक छान पत्ता करून दिला. लॉगिन होतंय, आलेख हलतायत, व्हीएम चालू-बंद होतायत. कन्सोलवर क्लिक केलं की काळी चौकट, 'फेल्ड टू कनेक्ट टू सर्व्हर', आणि ब्राउझरच्या डेव्हलपर टूलमध्ये १००६. व्हेंडरला फोन केला. म्हणे, "तुमचं इंटरनेट स्लो आहे." अहो, सर्व्हर शेजारच्या खोलीत आहे, मध्ये फक्त स्विच आहे! दुसऱ्या दिवशी त्याचं रॅम वाढवायचं कोटेशन आलं. कन्सोल उघडत नाही म्हणून रॅम. ते कोटेशन मी जपून ठेवलंय.

आता या १००६ बद्दल, कारण इथेच माझा सगळ्यात जास्त वेळ गेला. कन्सोल चालतो वेबसॉकेटवर, म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हरमधल्या उघड्या राहणाऱ्या दुतर्फा कनेक्शनवर. त्याचं स्टँडर्ड २०११ चं, आरएफसी ६४५५. कनेक्शन बंद करताना कुठल्या कारणाला कुठला आकडा पाठवायचा, हे त्यात दिलंय. १००६ हा त्यातला राखीव आकडा आहे, आणि तो कोणीही कोणाला पाठवायचा नाही असा नियम आहे. समोरच्याने नीट निरोप न घेता कनेक्शन तुटलं की ब्राउझर स्वतःच्या वहीत १००६ लिहून टाकतो. म्हणजे आपण ज्याला सर्व्हरचं उत्तर समजून शोधत बसतो, ते सर्व्हरने दिलेलंच नसतं. पेशंटला न बघता 'बरं नाही' एवढं लिहून देणारा डॉक्टर आहे हा. मी तो आकडा टाकून शोधत रात्री घालवल्या आणि प्रत्येक ठिकाणी वेगळं औषध मिळालं, कारण प्रत्येकाचा आजार वेगळा होता.

कन्सोल आत कसा चालतो हे कळल्यावर मात्र गुंता सुटायला लागला. क्लिक केल्यावर सर्व्हर एक व्हीएनसी प्रॉक्सी (व्हीएमची स्क्रीन नेटवर्कवरून पोचवणारा मध्यस्थ) सुरू करतो, थोड्या वेळापुरतं तिकीट देतो आणि ५९०० ते ५९९९ मधल्या एखाद्या पोर्टवर वाट बघतो. ब्राउझरमधला नोव्हीएनसी (ती स्क्रीन दाखवणारा प्रोग्रॅम) त्याच ८००६ वरून वेबसॉकेट उघडून तिथे पोचतो. काही सेकंदांत कोणी आलं नाही तर सर्व्हर कंटाळून निघून जातो. बाकीचं पान साध्या मागण्यांवर चालतं, पण कन्सोलला एक लांबलचक उघडी वाट लागते. 'बाकी सगळं चालतंय, मग हेच कसं बंद' या प्रश्नाचं उत्तर हे आहे.

एनजिनएक्स वेबसॉकेटला लागणारी 'अपग्रेड' आणि 'कनेक्शन' ही हेडर (मागणीसोबतच्या सूचना) आपणहून पुढे पाठवत नाही, कॉन्फिगमध्ये सांगावी लागतात. त्या ओळी टाकल्या, एचटीटीपी १.१ केलं, कन्सोल उघडला. चहा प्यायला गेलो, परत येईपर्यंत बंद. एनजिनएक्स समोरून ६० सेकंद काही आलं नाही तर कनेक्शन तोडतो, आणि लॉगिनची स्थिर स्क्रीन काहीच पाठवत नाही. ती वेळ तासाभराची केली तेव्हा थांबलं. तुमच्याकडे असंच होत असेल तर आधी थेट आयपी आणि ८००६ टाकून बघा. तिथे उघडलं तर सर्व्हरला हात लावू नका, दोष मधल्या माणसाचा आहे.

हे सगळं झाल्यावर मी या रिव्ह्यूचा कच्चा मसुदा केला होता. त्यात कन्सोलला दोन तारे आणि 'ईएसएक्सआयचा कन्सोल बरा होता' असं वाक्य होतं. ते आता तसं ठेवत नाही, कारण पुढे वेगळं घडलं.

दुसऱ्या सर्व्हरची डिस्क गेली. नवीन डिस्कवर प्रॉक्समॉक्स टाकून, तेच नाव देऊन, तो क्लस्टरमध्ये (दोन्ही सर्व्हरच्या जोडगोळीत) परत घेतला. लगेच पहिल्या सर्व्हरच्या पानावरून दुसऱ्यावरच्या व्हीएमचे कन्सोल बंद. चौकटीत तेच रडगाणं. पण या वेळी सहज पानाच्या तळाशी असलेल्या टास्कच्या यादीत त्या लाल ओळीवर डबलक्लिक केलं, तर आत स्वच्छ लिहिलेलं: 'होस्ट की व्हेरिफिकेशन फेल्ड', आणि खाली व्हीएनसी प्रॉक्सी चालवता आली नाही म्हणून टास्क एरर. एक सर्व्हर दुसऱ्यावरचा कन्सोल एसएसएचने आणतो, आणि त्याच्याकडे त्या नावापुढे जुनी किल्ली (सर्व्हरची ओळख पटवणारी) होती. जुनी नोंद काढली, 'पीव्हीईसीएम अपडेटसर्ट्स' ही कमांड चालवली, झालं.

तेव्हापासून मी चौकटीतला मजकूर वाचतच नाही. सरळ खाली जातो. आणि ईएसएक्सआय बरा होता हे वाक्य खोडलं ते यामुळेच. तिकडे 'एमकेएस'ला कनेक्ट होता येत नाही असा मेसेज यायचा. एमकेएस म्हणजे माउस, कीबोर्ड, स्क्रीन. कधी होस्टचं नाव लॅपटॉपला सापडत नसायचं, कधी ९०२ पोर्ट अडवलेला असायचा, मेसेज मात्र तोच. तेव्हा मी ते निमूट सहन करायचो.

घड्याळाचा किस्सा थोडक्यात. वीज गेली, सर्व्हर सुरू झाला, आणि कन्सोलच काय, काहीच चालेना: ४०१, 'इनव्हॅलिड पीव्हीई तिकीट'. लॉगिन केल्यावर मिळणाऱ्या तिकिटावर वेळ असते आणि दोन सर्व्हरच्या वेळा जुळायला लागतात. जुन्या मदरबोर्डवरचा सेल संपलेला, राउटर अजून उठला नव्हता, त्यामुळे क्रोनीला (नेटवरून घड्याळ लावणाऱ्या प्रोग्रॅमला) वेळ विचारायला कोणी नाही. सीआर२०३२ चा सेल घड्याळवाल्याकडून आणला. सेकंडहँड सर्व्हर घेणाऱ्यांनी पहिल्या दिवशी सेल बदलावा, पन्नासच्या आत काम होतं.

उबुंटूची क्लाउड इमेज (आधीच इन्स्टॉल केलेली तयार डिस्क) वापरत असाल तर काळ्या स्क्रीनला घाबरू नका. अशा व्हीएमचा डिस्प्ले बहुधा सीरियलवर (फक्त अक्षरं दाखवणाऱ्या पोर्टवर) ठेवलेला असतो, 'स्टार्टिंग सीरियल टर्मिनल' एवढंच दिसतं आणि पुढे काही नाही. एंटर दाबा. लॉगिन येतं.

आता गेल्या आठवड्याचं. सरांच्या लॅपटॉपवर १००६, माझ्या मोबाइलवर मात्र तोच कन्सोल व्यवस्थित. तळाच्या यादीत फक्त 'कनेक्शन टाइम्ड आउट', म्हणजे सर्व्हर वाट बघून गेला, पोचलंच कोणी नाही. लॅपटॉपवर नवीन अँटीव्हायरस आला होता आणि तो प्रत्येक एचटीटीपीएस कनेक्शन उघडून तपासत होता. पानं पुढे जाऊ देत होता, वेबसॉकेट गिळत होता. त्या कंपनीच्या सपोर्टला फोन लावला. "सर, वेबसाइट ओपन होतेय ना? मग प्रॉब्लेम तुमच्या सर्व्हरचा आहे." मी वेबसॉकेट म्हटलं, त्यांनी वेबसाइट ऐकलं, असं बराच वेळ चाललं. शेवटी सर्व्हरचा आयपी अपवादाच्या यादीत टाकायचा पर्याय मीच सेटिंगमध्ये शोधला. फोन चालू असतानाच. त्यांनी तक्रारीचं तिकीट 'रिझॉल्व्ह्ड' म्हणून बंद करून वर रेटिंग मागितलं.

एक खरंच आवडलेली गोष्ट: स्पाइस, म्हणजे कन्सोल बघायची दुसरी पद्धत. नोव्हीएनसीमध्ये कॉपी-पेस्टची बोंब आहे, सरांचा लांबलचक पासवर्ड हाताने टाइप करताना तीनदा चुकतो. व्हीएमचा डिस्प्ले स्पाइसवर ठेवून लॅपटॉपवर व्हर्ट-व्ह्यूअर हा प्रोग्रॅम टाकला आणि व्हीएमच्या आत स्पाइसचा एजंट बसवला की पेस्ट चालतं, आवाजही येतो. ३१२८ पोर्ट मोकळा हवा, आणि डाउनलोड झालेली फाइल लगेच उघडायची, नंतरसाठी ठेवली तर शिळी होते.

आता लॉगिनला येणारी ती 'सबस्क्रिप्शन नाही' वाली खिडकी. वर्षभर वापरल्यावर घ्यावं असं मनापासून वाटतं, पण त्याचे पैसे दर सीपीयू सॉकेटमागे (प्रोसेसर बसायच्या जागेमागे), दर वर्षी. आमच्या दोन्ही सर्व्हरमध्ये दोन-दोन सॉकेट. सरांचा तोडगा तयार होता: "एकेक प्रोसेसर काढून ठेव की." काढता येतो, पण मग त्याच्या बाजूचे रॅमचे स्लॉटही बंद पडतात, आणि उरलेल्या स्लॉटमध्ये मोठ्या रॅमच्या पट्ट्या घ्याव्या लागतात. म्हणजे व्हेंडरचं ते कोटेशन शेवटी खरंच लागणार.