उद्यमनगरात करून घेतलेली गाळाची चाळण

रत्नागिरीजवळच्या खाडीतला गाळ चाळायला मला अर्ध्या मिलिमीटर जाळीची चाळण हवी होती. खाडीवर सांडपाण्याचा काय परिणाम होतो ते मी तपासते, आणि तो नुसत्या पाण्यावरून कळत नाही, ते भरती-ओहोटीला बदलतं. गाळातले किडे, शिंपले मात्र फारसे हलत नाहीत, म्हणून माझा भरवसा त्यांच्यावर.

उद्यमनगरातल्या छोट्या वर्कशॉपमधल्या काकांना चित्र काढून दाखवलं. "पोरी, एवढी बारीक कशाला गं?" त्यांनी विचारलं. मी कॅपिटेलाबद्दल सांगितलं. दोऱ्यासारखा लालसर किडा. सेंद्रिय घाण वाढली की बाकीचे प्राणी कमी होतात आणि हा माजतो. जाळी मोठी असली तर तोच निसटतो. काका हातातलं काम बाजूला ठेवून ऐकत होते.

स्टीलची जाळी ढोलाच्या कातड्यासारखी ताणलेली आहे. पण कडेच्या सांध्यात फट राहिली होती. नमुना टिकवायला घातलेलं फॉर्मॅलिन धुताना, रोझ बेंगाल या रंगानं गुलाबी झालेला एक किडा तिथंच अडकला, काढताना तुटला. फार वाईट वाटलं. परत नेली, काकांनी माझ्यासमोर सांधा भरून घासून दिला, पैसे घेतले नाहीत. त्यानंतर पस्तीस नमुने चाळले, फट नाही. दुसरी चाळणही त्यांच्याकडेच करायला टाकली आहे.