जिप्सीचं किंगपिन किट: बेअरिंग चोख, फेल्ट मात्र वेगळं घ्या

आमची जिप्सी किंग 1998 सालची. 1,298 सीसीचं पेट्रोल इंजिन, कार्ब्युरेटर, चारही चाकांना पाटे. बाबांनी घेतली, आता मी चालवते. मी जनावरांची डॉक्टर आहे. चेलाडी फाट्यावरून आत वळलं की वेल्ह्याच्या पुढच्या वाड्यांवर रात्री-अपरात्री जावं लागतं, आणि पावसाळ्यात तिथे दुसऱ्या गाडीचा मला भरवसा वाटत नाही. म्हणून किंगपिनचं (पुढचं चाक ज्या खुंट्यांवर डावी-उजवीकडे वळतं त्या) हे किट घेतलं, आणि दोन रविवार घालवून घरीच बसवलं. ज्यांच्या जिप्सीचं स्टेअरिंग पंचावन्न-साठला थरथरायला लागतं त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहिते आहे.

आमच्याकडे सुरुवात हायवेवर झाली. पुलाच्या जोडावरून गाडी गेली की स्टेअरिंग डावी-उजवीकडे इतक्या जोरात हिसके द्यायचं की दोन्ही हातांनी धरूनही आवरायचं नाही. वेग तीसच्या खाली आणला की थांबायचं. शेजारी बसलेल्या माणसाच्या तोंडचं पाणी पळायचं. एके ठिकाणी टायर बॅलन्स करून दिले, दुसरीकडे अलाइनमेंट झाली, तिसरीकडे स्टेअरिंगचा डॅम्पर नवा टाकला. डॅम्पर टाकल्यावर पंधरा दिवस बरं वाटलं आणि पुन्हा तेच. डॅम्पर हादरा गिळतो, तो येतो कुठून ते बघत नाही. तापाची गोळी देऊन गाय उभी राहिली, पण आजार पोटातच राहिला, असा हा प्रकार.

किट विकत घेण्याआधी तपासणी करा, हे मी कळकळीने सांगते. तपासणीला एक पैसा लागत नाही. पुढचा अॅक्सल उचलून खाली भक्कम घोडे (स्टँड) लावायचे. चाक वर-खाली धरायचं, घड्याळाच्या बाराला एक हात आणि सहाला दुसरा, आणि हलवून बघायचं. आमच्याकडे दोन्ही चाकं टकटक करत होती. मग बाबांना आत बसवलं.

"बाबा, ब्रेक दाबा."

"दाबला."

उजव्या चाकाची टकटक थांबली. डाव्या चाकाची तशीच चालू.

सगळं निदान इथे आहे. ब्रेक दाबला की कॅलिपर डिस्कला पकडतो, म्हणजे हब (चाक ज्यावर बसतं तो) आणि नकल (अॅक्सलच्या टोकाचा, स्टेअरिंगबरोबर वळणारा भाग) एकजीव होतात आणि चाकाच्या बेअरिंगचा प्ले, म्हणजे ढिलेपणा, लपतो. तरीही चाक हलत असेल तर प्ले चाकाच्या बेअरिंगच्याही आत आहे, किंगपिनमध्ये. मी चाक हलवत राहिले, बाबांनी खाली येऊन नकलच्या वरच्या टोपीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "अगं, ही टोपीच हलतेय." उजव्या बाजूला चाकाच्या बेअरिंगचा नट कसल्यावर टकटक गेली. तीन आणि नऊवर धरून हलवलं तेव्हा काही लागलं नाही, म्हणजे टायरॉड एंड (स्टेअरिंगच्या दांड्याचे सांधे) ठीक होते. टायर, बॅलन्सिंग, बुश यांनीही स्टेअरिंग थरथरू शकतं, त्यामुळे ही तपासणी न करता किट आणलं तर पैसे आणि रविवार दोन्ही वाया जातील.

किट पुण्याच्या नाना पेठेत मिळालं, दोन्ही बाजूंचं मिळून 2,800 रुपयांना. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण तक्रारही आहे. पाकिटात चार टेपर बेअरिंग त्यांच्या कपांसह (रोलर ज्यात फिरतात त्या बाहेरच्या कड्या), दोन मोठे सील, दोन फेल्ट (पाणी-चिखल अडवणारी मऊ कडी), त्यांना दाबून धरणाऱ्या पत्र्याच्या पट्ट्या आणि गॅस्केट. शिम (किंगपिनखाली घालायच्या पत्र्याच्या पातळ चकत्या) नाहीत. याबद्दल पुढे लिहिते.

खोलण्याचं काम किचकट आहे, पण अवघड नाही. चाक, कॅलिपर (तारेने पाट्याला टांगा, ब्रेकच्या पाइपवर लोंबकळू देऊ नका), लॉकिंग हब, हब, स्पिंडल, मग अॅक्सल शाफ्ट बाहेर. खाली परात ठेवा. टायरॉड एंड सुटत नसेल तर नट दोन आटे ठेवून आर्मच्या बाजूवर हातोडीचा एक खणखणीत ठोका पुरतो. किंगपिन वर एक, खाली एक, प्रत्येकी चार बोल्ट. वरचा कुठला, खालचा कुठला आणि कोणाखाली किती शिम होते, हे खुणा करून ठेवाच.

डावी नकल सुटली तेव्हा आतलं ग्रीस दुधाळ चहासारखं झालेलं होतं. म्हणजे पाणी. ओढ्यातून गाडी घालतो, फेल्ट झिजलेलं, पाणी आत जाऊन बसलं. खालच्या बेअरिंगचा कप पुसून टॉर्चखाली धरला. सरळ पुढे पाहणाऱ्या चाकाच्या जागी रोलर जिथे टेकतात, तिथे एकेक रोलरची आडवी खाच पडली होती, ओळीने, दाढांच्या ठशांसारखी. नखाने चाचपली तर नख अडकायचं. वर्षानुवर्षं रोलर त्याच जागी आपटत होते. वरचा कप त्यामानाने बरा होता.

किटमधल्या बेअरिंगना मी मनापासून पैकीच्या पैकी गुण देते. कप घट्ट बसले. जुने कप पितळी दांड्याने दोन्ही बाजूंनी आळीपाळीने ठोकून काढले. नवे कप रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवले आणि जुनाच कप वर उलटा धरून त्यावर ठोकत बसवले. बसताना आवाज ऐका. कप सरकत असतो तोवर पोकळ ठण् येतो. तळाला टेकला की भरीव ठक् होतो, आणि त्यानंतर एकही ठोका नको. रोलर हाताने फिरवले तर कुठेही खरखर नाही.

आता शिम. किंगपिनखाली 0.1 आणि 0.5 मिलिमीटरचे शिम असतात. शिम कमी केले की बेअरिंगवरचा दाब वाढतो, वाढवले की कमी होतो. दाब कमी राहिला तर थरथर परत येते, जास्त झाला तर स्टेअरिंग जड होतं आणि वळून आपोआप सरळ येत नाही. हा दाब अंदाजाने ठरवायचा नसतो. रद्दीवाल्याकडे असतो तसा हुकाचा ताणकाटा आणा. फेल्ट आणि सील न लावता, टायरॉड एंड सोडवलेला असताना, त्याच्या भोकात हूक अडकवून नकल आडवी ओढा. नकल हलायला लागते त्या क्षणी काट्यावर 1 ते 1.8 किलो दिसायला हवेत. माझा पहिला आकडा 600 ग्रॅम आला. जुन्यातलाच 0.1 चा एक शिम काढला, बोल्ट पुन्हा कसले, आणि काटा दीड किलोवर थांबला. बाबांना तीनदा वाचायला लावला.

माझे जुने शिम शाबूत होते म्हणून निभावलं. फाटके असते तर गाडी घोड्यांवर ठेवून परत नाना पेठ गाठावी लागली असती. इतक्या पैशात चार शिम घालायला काय हरकत होती? ज्या कामात सगळं एका कागदाएवढ्या पत्र्यावर ठरतं, त्याच किटमधून तो पत्रा गायब असावा, याचा मला खरोखर राग आला.

फेल्टची तक्रार त्याहून मोठी आहे. पातळ, भुसभुशीत, बोटाने दाबलं की दबून तसंच राहणारं. माझ्या गाडीत पाणी शिरलं ते फेल्टमुळेच, त्यामुळे हे मी बसवलंच नाही. सुटं जाड फेल्ट दुसऱ्या दुकानातून आणलं, ग्रीसमध्ये मुरवून लावलं. नकलच्या आतलं अॅक्सलचं सीलही बघून घ्या. ते गळत असेल तर डिफरन्शियलचं ऑइल नकलमध्ये येऊन ग्रीस पातळ करतं, आणि नवी बेअरिंगही लवकर जातील.

दुसऱ्या रविवारी उजवी बाजू खोलली. तिथे खाचा नव्हत्या, पण ग्रीसला पाण्याचा रंग होता, म्हणून तीही बदलली.

पहाटे साडेपाचला, रस्ता रिकामा असताना, डॅम्पर काढून ठेवून गाडी बाहेर काढली. वेग हळूहळू वाढवत नेला आणि त्याच पुलाच्या जोडावरून साठने गेले. दोन ठोके हातात आले आणि विरले. परत वळून पुन्हा गेले, मग घरी येऊन डॅम्पर बसवला. त्यानंतर पावसाळ्यातले चार महिने गेले आहेत. वेल्ह्याच्या पुढे केळदच्या बाजूला किती वेळा गेले याची मोजदाद नाही. गेल्या आठवड्यात चाक उचलून बारा-सहाला धरलं, बाबांना ब्रेक दाबायलाही बसवावं लागलं नाही.

सामान्य ग्राहकांसाठी जिप्सी 2019 पासून बंद आहे, त्यामुळे चांगली बेअरिंग मिळतात तोवर एक जोड घरात ठेवा. हेच किट मी पुन्हा घेईन. मात्र दुकानातच पाकीट उघडून फेल्ट दाबून बघा, आणि 0.1 चे चार शिम मागून घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.