तेलाच्या पिप्यावरची तारीख आणि चरबी दाखवणारा काटा: अकरा महिन्यांनंतर

मागची दिवाळी आटोपल्यावर, नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, मी शरीरातल्या चरबीची टक्केवारी दाखवणारा वजनकाटा घेतला. दीड हजाराच्या आतला, काचेचा, पाय ठेवायला चार धातूच्या पट्ट्या असलेला. सोबत शिंप्याची मोजपट्टी, ती घरात होतीच. आणि त्याच दिवशी तेलाच्या नव्या पिप्यावर मार्करने तारीख लिहिली, तो किती दिवस पुरतो ते कळावं म्हणून. या तिन्हींचा अनुभव एकत्रच सांगते, कारण एकटा काटा घेऊन माझं काही झालं नसतं.

तेव्हा वय ४६, उंची १५६ सेंटीमीटर, वजन ७४.६ किलो, कंबर ९६ सेंटीमीटर, एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली रक्तातली सरासरी साखर सांगणारी तपासणी) ६.२. आमच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की मधुमेह अजून झालेला नाही, पण उंबरठ्यावर आहे, आणि आधी पोटाचा घेर कमी करा. भारतीय बायकांची कंबर ८० सेंटीमीटरच्या आत असावी, पुरुषांची ९० च्या, हे मला तेव्हा कळलं. आज वजन ६६.८, कंबर ८६, एचबीए१सी ५.८. काट्यावरची चरबी ३९.४ टक्क्यांवरून ३४.१ वर आली आहे. ८० अजून दूर आहे, तरी इथे नागपुरात रविनगर ते फुटाळा तलाव चालून आल्यावर गुडघा दुखत नाही, ही माझ्यासाठी फार मोठी गोष्ट आहे.

आधी काट्याबद्दल. तो चरबी मोजत नाही, अंदाज करतो. पायांतून अगदी बारीक वीजप्रवाह सोडतो. पाणी आणि स्नायूंमधून तो सहज जातो, चरबीतून अडखळत जातो, आणि त्या अडथळ्यावरून, वय-उंची धरून, आकडा काढला जातो. म्हणजे अंगात पाणी कमी असेल तर चरबी वाढल्यासारखी दिसते. मे महिन्यात मी याच गोष्टीने घाबरले होते. पारा पंचेचाळिसाच्या घरात, रात्रभर कूलरसमोर झोपूनही घसा कोरडा. फिरून आल्यावर काट्यावर उभी राहिले तर चरबी दोन टक्के जास्त. वजन मात्र जवळपास एक किलो कमी! दोन्ही आकडे पाण्याचे होते. दोन ग्लास पाणी, एक ग्लास ताक, नीट जेवण, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा पाहिलं तर सगळं जागच्या जागी. घामाने चरबी जात नाही. ती शरीरात जळते आणि तिचा मोठा भाग श्वासातून कार्बन डायऑक्साइड होऊन बाहेर पडतो. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ कडक दिवसांत, स्वेटरसारखे जाड कपडे घालून फिरणारे लोक मी पाहिले आहेत, त्यांची मला खरोखर काळजी वाटते.

आता मी रविवारी सकाळी, उठल्यावर, पोट रिकामं असताना, एकदाच काट्यावर उभी राहते. आकडा वहीत लिहिते आणि चार रविवारांची सरासरी पाहते. या पद्धतीने काटा उपयोगी आहे. त्याच्या अ‍ॅपमध्ये ‘शरीराचं वय’ वगैरे दिसतं, ते पाहणं मी सोडून दिलं. पेसमेकर असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी हा काटा वापरू नये, हे खोक्यावरही अगदी बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. मोजपट्टी मात्र पाण्याला भुलत नाही. श्वास सोडून, बरगडीचं खालचं टोक आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध धरायची. माझा जास्त विश्वास तिच्यावर.

आणि आता तेल, कारण खरी गोष्ट तिथेच आहे.

आमच्या घरी चार माणसं. १५ किलोचा पिपा अडीच महिन्यांत संपायचा. हिशेब मी पहिल्यांदा केला तेव्हा वही बंद करून बसून राहिले: दिवसाला २०० ग्रॅम, म्हणजे माणशी ५० ग्रॅम. एक ग्रॅम तेलात नऊ कॅलरी, म्हणजे नुसत्या तेलाच्या साडेचारशे. आम्ही काही रोज तळण खाणारे नव्हतो. फोडणीला पळीभर, भाजीवर तर्री यावी म्हणून अजून थोडं, कणकेत थोडं, पोळीला लावायला थोडं. हे ‘थोडं’ कोणाच्याच डोळ्यांना दिसत नव्हतं.

सासूबाई ७४ वर्षांच्या. त्या म्हणाल्या, “अगं, तर्रीच नाही आली तर भाजीला चव कुठून येणार? पाहुणे काय म्हणतील?” त्यांचं चुकीचं नव्हतं. आपल्या नागपूरच्या रश्श्याची ओळखच वरच्या लाल तेलाने होते. पण आम्ही दोघींनी मिळून शोधलं की चव येते ती भाजलेल्या मसाल्यातून. कांदा आणि सुकं खोबरं लोखंडी कढईत कोरडंच खरपूस भाजायचं, खसखस, धने, काळी मिरी वेगळी भाजून बारीक वाटायची. मसाला परतताना खाली लागू लागला की तेलाऐवजी पाण्याचा हबका मारायचा. सगळ्यांसाठी मिळून चार छोटे चमचे तेल, मापाच्या चमच्याने. वांग्याची भाजी पहिल्यांदा अशी केली तेव्हा आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, दोनदा घेतली, आणि मला काही विचारावं लागलं नाही.

तळणाचे पदार्थ मी बंद केले नाहीत. थंडीत कोवळा सांबार, म्हणजे कोथिंबीर, बाजारात आल्यावर सांबारवडी करायची नाही, असं आयुष्य मला नको. वडी तळलेलीच केली, दोन खाल्ल्या, सोबत कढी, आणि त्या जेवणात पोळी नाही. तर्री पोहे महिन्यातून दोन रविवारी, चण्याचा रस्सा मागून, वरचं तेल बाजूला करून. संत्री मात्र रोज, रस न काढता. रस काढला की चोथा वाया जातो आणि चार संत्री दोन मिनिटांत पोटात जातात.

एक गैरसमज माझाही होता. भाकरीने वजन उतरतं असं सगळे सांगतात. तितक्याच पिठाच्या ज्वारीच्या भाकरीत आणि बिनतेलाच्या पोळीत कॅलरींचा फार फरक नाही. एका भाकरीतच माझं पोट भरतं म्हणून ती उपयोगी पडली, पोळ्या मात्र तीन व्हायच्या.

पिपा आता पाच महिने पुरतो. माणशी २५ ग्रॅम. रोजच्या सव्वादोनशे कॅलरी कमी, कोणी उपाशी न राहता.

चालण्याचं थोडक्यात सांगते. सुरुवात वीस मिनिटांनी, आता आठवड्यातून पाच दिवस चाळीस मिनिटं, सेमिनरी हिल्सच्या चढासकट. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं सांगते, त्यात बसतं. माझ्या वजनाला चाळीस मिनिटांत दीडशेच्या आसपास कॅलरी जातात, म्हणजे चार छोटे चमचे तेल. हा हिशेब डोक्यात बसल्यापासून “फिरून आले आहे, आता खायला हरकत नाही” हे वाक्य मी बोलत नाही. उन्हाळ्यात साडेपाचच्या आत निघायचं, नाहीतर घरातल्या जिन्यावर.

जून ते ऑगस्ट वजन ६९ वर अडकलं. उपास, साबुदाणा, पोळ्याच्या पुरणपोळ्या, पाऊस. शरीर हलकं झालं की त्याची गरजही कमी होते, हे तेव्हा माहीत नव्हतं आणि मी खूप खचले होते. त्याआधी पाच वर्षांपूर्वी एका क्लिनिकच्या पावडरीवर पाच किलो उतरवून सहा परत मिळवले होते, ती भीती मनात होतीच. यावेळी जेवण आणखी कमी केलं नाही. सकाळच्या खाण्यात दोन अंडी आणली, दोन्ही वेळा घट्ट वरण किंवा मोड आलेली मटकी, आणि आठवड्यातून दोनदा व्यायाम: खुर्चीवरून हात न टेकता उठणं, भिंतीला हात टेकून दंड, दोन-दोन किलोचे डंबेल. सप्टेंबरमध्ये कंबर पुन्हा हलली, वजनाच्या आधी.

काट्याच्या हिशेबाने अंगावरची चरबी साधारण २९ किलोंची २३ झाली. आकडे अंदाजाचेच, तरी गेलेल्या पावणेआठ किलोंपैकी साडेसहाच्या आसपास चरबी आणि बाकी थोडंच, यावर माझा विश्वास बसतो, कारण गहू-तांदळाची पोती आता मीच उचलते.

काटा घ्यावा का? घरी साधा वजनकाटा असेल तर नको, मोजपट्टी पुरे. नसेल तर घ्या. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर जेवण बदलण्याआधी डॉक्टरांना विचारा, साखर एकदम खाली जाऊ शकते.

काल नवा पिपा आला. झाकणावर तारीख या वेळी आईंनी लिहिली. दिवाळीच्या तळणासाठी त्यांनी तीन किलोचा वेगळा डबा काढून ठेवला आहे, त्यावरही तारीख आहे.